कॉम्प्रेसरची हिरवी वायर

दिनांक १४ मे, मंगळवार. ठिकाण शेलूबाजार, हायवेलगतचं आमचं पत्र्याचं शेड. हजर: मी, माझा नवरा, मेडशीहून कामासाठी आलेला माझा धाकटा भाऊ, आणि जागेचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो. सकाळी आठपासून लाईन गेलेली. हातात काम: एक पेरणी यंत्र, लाल रंग, गिऱ्हाईक उद्या न्यायला येणार.

वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. पुढची दहा-बारा पानं कोरी आहेत. रोज लिहिणाऱ्या माणसाची पानं कोरी राहतात तेव्हा त्याला आठवत नसतं असं नाही.

आमचं काम हवा, पंक्चर आणि रंगाचं. हवा आणि पंक्चर नवरा पाहतो. गिऱ्हाईक, सामान आणि कामाची तारीख माझ्याकडे. रंगासाठी दर मे महिन्यात मेडशीहून भाऊ यायचा, कारण पेरणीच्या आधी सगळ्यांनाच आपलं यंत्र, ट्रॉली, थ्रेशर रंगवून पाहिजे असतं. गनचा फवारा मारणारे पुष्कळ आहेत. पण ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मालकाच्या पोरींची नावं हातानं, ब्रशनं, एका श्वासात काढणारा माझ्या भावासारखा या रस्त्यावर दुसरा नव्हता. मेडशीच्या विहाराच्या भिंतीवरची निळी अक्षरंही त्याचीच. गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, भाऊ कधी येऊन राह्यला?" तो आल्यावरच ट्रॉली आणायचे.

कॉम्प्रेसर आम्ही त्याच्याच आग्रहानं घेतला. चाकं असलेला, ओढत नेता येतो असा, दोन हॉर्सपॉवरचा. लग्नाआधी मी मालेगावला एका डाळमिलच्या स्टोअरमध्ये होते. तिथल्या म्हाताऱ्या फिटरचा एक नियम होता: यादी वाचून झाल्याशिवाय मशीनचं बटण दाबायचं नाही, मग मालक उभा असो की मालकाचा बाप. मी तो नियम शेडमध्ये आणला. पुठ्ठ्यावर नऊ ओळी लिहून खांबाला टांगल्या. पट्ट्यावरची जाळी बसलेली आहे का. टाकीच्या तळाची चकली उघडून आतलं पाणी काढलं का. सेफ्टी वॉल्व्हची कडी ओढली की फुस्स होतं का. होसला चीर नाही ना. तेल काचेत दिसतं का. लांबवायची वायर जोडलेली नाही ना. हिरवी वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का. सळईला दोन तांबे पाणी घातलं का. टाकीला टेस्टर लावला का.

हिरव्या वायरीवरून पहिल्याच दिवशी हसं झालं होतं. आमच्या बोर्डात अर्थिंगचं तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागे वायरच नव्हती. मी शेडच्या मागे सहा फुटी सळई ठोकून घेतली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर क्लॅम्प बसवला आणि तिथून जाड हिरवी वायर आणून थेट टाकीच्या पायाला बोल्टनं आवळली. हिशेब सोपा आहे. मशीनच्या आत कुठं वायर सोलली आणि करंट पत्र्यावर उतरला, तर तो हिरव्या वायरीनं जमिनीत जावा, फ्यूज उडावा आणि हात लावणारा माणूस वाचावा.

काका मागच्याच घरात राहतात. ते भिंतीवरून पाहत होते. म्हणाले, "बाई, यंत्राले दावं बांधलं का? पळून जाते काय थे?"

"पळत नाही काका, मारते."

"माझ्या घराले चाळीस वर्षांत अर्थिंग नाही. मी मेलो का?"

भाऊ खालून म्हणाला, "मेलेले सांगाले येत नाही काका."

त्यावर काकाही हसले.

आमची जमीन काळी. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि माती सळईला सोडून बाजूला सरकते. म्हणून ते दोन तांबे पाणी. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात जमिनीला पाणी पाजणारी बाई वेडीच दिसणार. मी पाजत होते.

त्या मंगळवारी लाईन नव्हती. मला रिकामं बसवत नाही. म्हटलं, लाईन येईपर्यंत यादी उरकून घेऊ, आली की लगेच काम चालू. जाळी पाहिली, पाणी काढलं, तेल पाहिलं. मागे जाऊन सळईला पाणी घातलं. क्लॅम्प हलवून पाहिला, घट्ट होता. त्याच क्लॅम्पखाली माझ्या हिरव्या वायरीबरोबर एक काळी वायर आवळलेली दिसली. भिंतीच्या दिशेनं गेलेली. पाहिली मी. नवऱ्यानं आणखी काहीतरी जोडलं असेल, बरंच झालं, असं मनात आलं आणि मी पुढच्या ओळीवर गेले. टाकीला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मी खूण केली.

गावभर लाईन नसताना टेस्टरचा दिवा लागणार कसा? हे आज कोणालाही कळेल. तेव्हा मलाही कळत होतं, विचार केला असता तर. पण यादीत "टेस्टर लावला का" एवढंच लिहिलेलं होतं, आणि मी लावला होता.

रंगाच्या आधी खाली पाणी शिंपडतात, म्हणजे धूळ उडून ओल्या रंगावर बसत नाही. ते मीच शिंपडलं. मुरमाचा चिखल भावाच्या चपलांना चिकटायला लागला. यंत्रावर शिंतोडे जातील म्हणून त्यानं चपला काढल्या आणि विचारलं, "बाई, टेस्टर लावला?"

"लावला. यादी पूर्ण आहे."

"मंग काय, बाईनं सांगतलं म्हणजे झालं. दाजी, तुमी बटण दाबा फक्त. बाकी डोकं माह्या बहिणीजवळ हाय."

नवरा म्हणाला, "मले कोण इचारते इथं."

सव्वादहाला लाईन आली. कॉम्प्रेसर चालू झाला, काटा वर चढला. भावानं एका हातात गन घेतली आणि दाब कमी करायला दुसऱ्या हातानं टाकीची मूठ धरली. तो ओरडला नाही. त्याच्या घशातून एक आवाज आला आणि तो तिथंच ताठ झाला. मी म्हटलं, बंद करा. नवऱ्यानं बटण बंद केलं. मोटार थांबली. भावाची मूठ सुटली नाही. नवऱ्यानं मेन स्विच खाली ओढला, पंखा थांबला, सगळं शेड गप्प झालं, तरीही सुटली नाही. बंद मशीनला माणूस चिकटलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. बाजूला लाकडी शिडी होती. ती उचलून मी त्याच्या मनगटावर मारली. दुसऱ्या फटक्याला हात सुटला. तो मागे पेरणी यंत्रावर पडला आणि उजवा पंजा फणाच्या धारेवर आला.

जीव वाचला. वाशीमला टाके पडले, मग पुन्हा एकदा चिरून नस जोडली. उजव्या हाताची तीन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. गन पकडता येते, ब्रश नाही.

त्याला जीपमध्ये घालून नेत असताना शेडसमोर माणसं जमली होती. परत आले तेव्हा रस्त्यावर निकाल लागून गेला होता. चहाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला सांगत होता, "हवेच्या टाकीत करंट साठून राह्यते. मेन बंद करून काय होते? टाकी भरेल होती ना."

"अन् थे हिरवी वायर?"

"थ्याच वायरीनं भरला करंट. ज्याच्या मशीनले हिरवी वायर नाही, त्याले कधी धरलं का? सांग."

मी तिथं उभी होते. मला बघूनही दोघं थांबले नाहीत. मी वायर बसवली तेव्हा जे हसले होते, तेच आता शहाणे होते.

दुसऱ्या दिवशी मी काळ्या वायरीच्या मागे गेले. ती भिंतीवरून काकांच्या खिडकीत, खिडकीतून त्यांच्या बोर्डात गेली होती. काकांच्या घराचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तीन दिवसांपासून गेला होता. लाईनमनला दोन निरोप गेले, तो आला नव्हता. घरात बारा दिवसांची बाळंतीण, बाहेर अंगाची लाही. आमच्याकडे न्यूट्रल गेला की लोक काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे. जमिनीत सळई ठोकतात आणि तिलाच न्यूट्रल मानून दिवे, पंखे चालवतात. मे महिन्यात मात्र जमीन दगडासारखी असते, सळई जात नाही. काकांनी सोमवारी रात्री हेच केलं, पण त्यांना सळई ठोकायची गरज पडली नाही. माझी होती. कोळसा, मीठ, रोजचे दोन तांबे, सगळं तयार. म्हणजे त्यांच्या घरातून कूलर, फ्रिज, पंखे चालवून येणारा करंट माझ्या सळईत उतरत होता, आणि दोन तांब्यांनी भागलं नव्हतं, मातीनं सळईला सोडलंच होतं, म्हणून जमिनीत न जाता माझ्याच हिरव्या वायरीनं उलटा टाकीवर येत होता. आमचा मेन बंद करून काय होणार? करंट आमचा नव्हताच. वाचवायला बांधलेल्या वायरीनंच तो आणला.

मी काकांना विचारलं, "माझ्या क्लॅम्पला हात लावायच्या आधी मला विचारलं का नाही?"

"इचारलं ना. तुह्या नवऱ्याले इचारलं. थो म्हणे, लावा की."

"काका, माझ्या भावाचा हात गेला."

"मले दुःख नाही का त्याचं? पण माझं काय चुकलं थे सांग. अख्खं गाव असंच लावते. लहान लेकराले उकाड्यात मारू काय?"

त्यांच्या सुनेनं आतून बाळाला थोपटत ऐकलं असणार. घरी नवऱ्याला विचारलं. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "सांगाचं राहून गेलं. मले काय माहीत असं होते म्हणून. तुले तरी माहीत होतं का?"

मला माहीत असायला हवं होतं. मी वायर पाहिली होती. हे मी त्याला म्हटलं नाही. काकांचा हावरेपणा, लाईनमनचा आळस, नवऱ्याचं विसरणं, या तीन गोष्टी मी पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगत राहिले. चौथी कोणालाच सांगितली नाही.

जूनमध्ये मेडशीला गेले. भाऊ ओट्यावर बसला होता, हातात रबरी चेंडू. डॉक्टरांनी तो दाबायला सांगितला होता. दाबताना दोन बोटं चेंडूवर बसायची आणि तीन वर तरंगायची. मी त्याला कागदावर काढून दाखवलं: हे काकांचं घर, ही काळी वायर, ही सळई, ही हिरवी वायर, हा तू. त्यानं सगळं नीट पाहिलं. माझा भाऊ मूर्ख नाही. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"मंग टेस्टर काहून नाही लागला?"

भावजय चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "टेस्टर खराब असेल."

"नवा होता ना थो?"

"नवे पण खराब निघतात."

त्यानं चेंडू ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे अर्थिंग केलं तं अर्थिंगच धरते, अन् टेस्टर लावला तं टेस्टर खोटं बोलते. मंग बाई, तुही यादी कोन्या कामाची?"

त्यात राग नव्हता. रागावला असता तर मी रागानं उत्तर दिलं असतं आणि कदाचित खरं बाहेर पडलं असतं. तो नुसता हिशेब करत होता, आणि मी दिलेल्या आकड्यांवर त्याचा हिशेब बरोबर होता.

मी चहा घेतला आणि चारच्या बसनं परत आले.

तो पुढच्या मे महिन्यात आला नाही. बोलावलं तर म्हणाला, "गन कोनीही मारते, कोनालाही बोलाव." शेडमध्ये मी नवी व्यवस्था केली. काकांची वायर काढायला लावली, त्यांचा न्यूट्रल लाईनमनकडून माझ्यासमोर जोडून घेतला. सळईच्या क्लॅम्पवर लोखंडी डबा बसवून कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. बोर्डावर गळका करंट ओळखून लाईन तोडणारा स्विच बसवला. काकांचा करंट त्यानं अडला नसता, आमचाच अडेल, हे मला माहीत आहे, तरी बसवला. पुठ्ठा नवा लिहिला आणि टेस्टरच्या ओळीत दोन शब्द वाढवले: लाईन असताना. आधी चालू बोर्डात टेस्टर घालून दिवा लागतो का पाहायचं, मग टाकीला लावायचा. गिऱ्हाईक वाचतात आणि म्हणतात, बाई फार शिस्तीची आहे. कोणी विचारलं नाही की हे दोन शब्द आधी का नव्हते.

शेजारच्या तीन दुकानदारांनी आपापल्या कॉम्प्रेसरच्या हिरव्या वायरी कापून टाकल्या आहेत. मी सांगायला गेले तर एकानं हसून विचारलं, "तुमच्याकडं काय झालं मग?" मी काय झालं ते सांगितलं. त्यानं काकांच्या वायरीपर्यंत ऐकलं आणि मान हलवली, "म्हणजे वायरीनंच ना?" मी परत आले. त्या तिघांचं मी एक वेळ सोडून देईन. मोठी माणसं आहेत, त्यांचे हात त्यांच्याजवळ.

पण ऑक्टोबरच्या उकाड्यात भावजयीचा फोन आला. ती मला स्वतःहून फोन करत नाही. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "ताई, यायनं घरातल्या सगळ्या पिना कापल्या."

"कसल्या पिना?"

"थ्या तिसऱ्या, जाड असते ना, वरची. फ्रिजची, कूलरची, पाणी तापवाच्या मशीनची. पक्कडीनं कापल्या. डाव्या हातानं. म्हणे, या घरात पुन्हा अर्थिंग पायजे नाही."

ती म्हणाली, "आता कूलरमंदी पाणी टाकतानी हाताले मुंग्या येते. मी सांगतलं यायले. तं म्हणे, तुले भास होते. तुमी सांगा ना त्यायले. तुमचं ऐकते थो."

ऐकतो. हेच तर आहे. माझं ऐकून तो अनवाणी मशीनला हात लावायला गेला, आणि माझंच ऐकून त्यानं पिना कापल्या. घरात दोन लेकरं आहेत, माय आहे, आणि मायला कूलरच्या पत्र्याला टेकून बसायची सवय आहे. मुंग्या येतात म्हणजे करंट पत्र्यापर्यंत आला आहे. आज नुसत्या मुंग्याच आहेत कारण तिच्या पायात चप्पल आहे आणि फरशी कोरडी आहे. फोनवर मी तिला म्हटलं, पाणी टाकायच्या आधी प्लग काढत जा, मायला बाजूला बसव, लेकरांना हात लावू देऊ नको. ती हो हो म्हणाली. फोनवर एवढंच होतं.

बाकीचं फोनवर होत नाही. त्याच्यासमोर बसून सांगावं लागेल की टेस्टर चांगला होता. तो अजून माझ्याकडे आहे, अजून लागतो. खोटं टेस्टर बोलला नाही. त्याला हे कळलं तरच तो हिरव्या वायरीवर पुन्हा विश्वास ठेवेल. दुसरा कुठलाही मार्ग मी शोधून पाहिला आहे. लाईनमनला पाठवायचा विचार केला, भाऊ त्याला उंबऱ्यातून परत पाठवील. नवऱ्याला म्हटलं तुम्ही जा. तो म्हणाला, "मी काय सांगू? मले तूच सांगतलं टेस्टर खराब होता."

जानेवारीत मी सामान आणलं. तीन पिनांचे चार प्लग, वीस मीटर हिरवी वायर, एक क्लॅम्प, सळई तिथंच मिळेल. पिशवी बांधून दाराशी ठेवली. फेब्रुवारीत एका रविवारी मालेगावपर्यंत गेले. तिथं मेडशीची बस लागलेली होती. मी बाजारातून हळदीचं बियाणं पाहून परत आले. मार्चमध्ये उन्हाळा लागला आणि भावजय म्हणाली, कूलर काढला, धुतला, खिडकीत लावला.

आज एप्रिल संपतो आहे. वहीत रोज दहा-बारा कामं लिहिते आणि संध्याकाळपर्यंत खोडते. मेडशीचं काम रोज नव्या पानावर उतरवावं लागतं. आजच्या पानावर ते सगळ्यात वर लिहिलं आहे: मेडशी, कूलरची तिसरी पिन बसवणे, आणि आधी त्याला सांगणे. सकाळची बस गेली. दुपारची अडीचला आहे.